‘आक्रमण’ लिहायचं की नुसता ‘संघर्ष’? एमयूएनचा ड्राफ्ट लिहिणाऱ्यांसाठी

एमयूएनमध्ये (म्हणजे विद्यार्थ्यांनी वेगवेगळे देश बनून भरवलेली नकली यूएन) शांतता ठराव लिहायला बसलं की पहिलं भांडण ठरलेलं, हल्ला करणाऱ्याचं नाव घ्यायचं की नाही. दोन्ही बाजूंचे खरे नमुने आहेत, तेही एकाच दिवसाचे, 24 फेब्रुवारी 2025 चे.

पहिला युक्रेन आणि युरोपवाल्यांचा, यूएनच्या जनरल असेंब्लीतला (आमसभेतला). तो सरळ म्हणतो की रशियाने युक्रेनवर आक्रमण केलंय आणि सैन्य मागे घ्यायची जुनी मागणी कायम आहे. बाजूने 93, विरोधात 18, तटस्थ 65, आणि विरोध करणाऱ्यांत रशियाच्या शेजारी चक्क अमेरिका! मार्च 2022 च्या ठरावातही रशियाचं नाव होतं आणि त्याला 141 मतं होती, म्हणजे नाव घेणाऱ्या ठरावामागची गर्दी कमी झालीय हे खरंय, पण असेंब्लीचा ठराव तसाही कुणावर बंधनकारक नसतो, मग निदान खरं तरी लिहा असं म्हणणारे चुकीचे नाहीत.

दुसरा अमेरिकेचा, सुरक्षा परिषदेतला ठराव क्रमांक 2774. जेमतेम तीन मुद्दे: जीवितहानीबद्दल दुःख, यूएनचं काम काय याची आठवण, आणि संघर्ष लवकर संपवा अशी विनवणी. शब्द कुठला तर ‘रशियन फेडरेशन-युक्रेन संघर्ष’, जणू दोघं भाऊ बांधावरून भांडतायत. 10 बाजूने, विरोधात शून्य, 5 तटस्थ. तिथे रशियाकडे व्हेटो (एकट्याने ठराव पाडायचा अधिकार) आहे त्यामुळे नाव घालून हा पास झालाच नसता, हेही मान्य करायला हवं. गंमत म्हणजे हाच मजकूर असेंब्लीत आला तेव्हा युरोपवाल्यांनी दुरुस्त्या करून ‘आक्रमण’ आत घुसवलं आणि अमेरिका स्वतःच्याच ठरावावर तटस्थ बसली.

पण माझं मत विचाराल तर नुसतं नाव बघू नका, 2774 मध्ये सीमेबद्दल आणि सैन्य माघारीबद्दलही अवाक्षर नाही, खरी गोची तिथे आहे. याउलट सुरक्षा परिषदेचाच 1987 चा इराण-इराक युद्धावरचा ठराव 598 काढून वाचा. त्यातही इराकला आक्रमक म्हटलेलं नाही, संघर्ष ‘सुरू होण्याबद्दल’ खेद आहे पण सुरू कुणी केला ते गायब. तरी पहिल्याच कलमात मान्यताप्राप्त सीमांपर्यंत माघार मागितलीय आणि सहाव्या कलमात संघर्षाला जबाबदार कोण हे निःपक्ष मंडळाकडून तपासून घ्यायची सोय ठेवलीय, ती इराणची जुनी मागणी होती. ऑगस्ट 1988 मध्ये शस्त्रसंधी झाली आणि डिसेंबर 1991 मध्ये यूएनचे तेव्हाचे सरचिटणीस पेरेझ द क्वेयार यांनी 22 सप्टेंबर 1980 च्या इराकी हल्ल्यावर बोट ठेवलं. तोपर्यंत इराकने कुवेत बळकावल्याच्या प्रकरणामुळे इराकची बाजू घ्यायला फारसं कुणी उरलंच नव्हतं, त्यामुळे याला फार मोठा न्याय वगैरे समजू नका, पण कागदावर तरी आलं.

तर असेंब्लीची कमिटी असेल तर बिनधास्त नाव लिहा. सुरक्षा परिषद असेल आणि समोर व्हेटोवाला असेल तर 598 सारखं लिहा: नाव नको, पण माघार आणि चौकशीचं कलम सोडू नका, त्या बदल्यात ‘निषेध’ हा शब्द खुशाल सोडून द्या. आणि देशवाटपाच्या चिठ्ठीत तुम्हाला भारत आला असेल तर हा सगळा वाद इतरांना घालू दे, असेंब्लीत त्या दिवशी आपण दोन्ही ठरावांवर तटस्थ होतो.