समोर बसून की घरी बसून? बुद्ध्यांकाच्या दोन चाचण्यांचा हिशेब

डोंबिवलीच्या भाच्याचा फोन आला. "मामा, आयक्यू मोजून घ्यायचाय. एक टेस्ट दादरला सायकॉलॉजिस्टसमोर बसून द्यायची. दुसरी घरी सोडवायची, वेळेची अट नाही, आणि तिचा स्कोअर १८० पर्यंत जातो. कुठली देऊ?" आवाजावरून कळत होतं की मनातून निवड झालेली आहे. १८० कोणाला नको असतात? मी मात्र कॉलेजात जन्मभर संख्याशास्त्र शिकवलं. आकडा मोठा दिसला की तो किती माणसांच्या खांद्यावर उभा आहे हे आधी विचारायची सवय लागलीय.

आपल्यापैकी बहुतेकांची 'बुद्धिमत्ता चाचणी' या शब्दाशी ओळख शिष्यवृत्तीच्या पेपरात झाली. आरशातली प्रतिमा, गटात न बसणारे पद, संख्यामालिका. गाइड आणून घोकलं की गुण वाढायचे, म्हणजे तिथे सरावही मोजला जायचा. हा मुद्दा पुढे लागेल.

दादरची चाचणी म्हणजे बहुधा वेक्सलर घराण्यातली, म्हणजे मानसतज्ज्ञ डेव्हिड वेक्सलर यांच्या नावाने चालणाऱ्या चाचण्यांपैकी. प्रौढांसाठीची चौथी आवृत्ती २००८ मध्ये आली. ती अमेरिकेतल्या १६ ते ९० वयाच्या २,२०० लोकांवर बसवली होती, म्हणजे त्यांचे गुण पाहून तिचं माप ठरवलं होतं. त्या लोकांत वय, शिक्षण, प्रदेश यांचं प्रमाण देशाच्या लोकसंख्येसारखं ठेवलं होतं. भारतीय प्रमाणकं (तुलनेसाठी भारतातल्या लोकांचे गुण) असलेली आवृत्तीही आहे, तीच मागून घ्यावी. सरासरी १००, प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) १५, आणि वरची मर्यादा १६०. भाच्याला खटकली ती हीच मर्यादा. "मग त्याच्या वरच्यांनी काय करायचं?"

वरचे किती असतात ते लोकलच्या गर्दीत मोजू. ऐन गर्दीत एका गाडीत साडेचार हजार माणसं कोंबली आहेत असं धरा. घंटाकृती वक्राप्रमाणे (बहुतेक माणसं मध्ये, टोकांना मोजकी) १३० च्या वर ४४ जणांत एक, म्हणजे त्या गाडीत शंभरेक. १४५ च्या वर ७४१ जणांत एक, म्हणजे अख्ख्या गाडीत सहा. १६० च्या वर ३१,५७४ जणांत एक. एक माणूस सापडायला अशा सात गाड्या रिकाम्या कराव्या लागतील. आणि १७५ च्या वर सुमारे ३५ लाखांत एक. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. म्हणजे कागदावर साऱ्या शहरात असे तीन-चार.

आता २,२०० चा नमुना आठवा. त्यात १४५ च्या वरचे जेमतेम तीन अपेक्षित, १६० च्या वरचा एकही नाही. खरं बोलायचं तर वेक्सलरचा १५५ सुद्धा बऱ्याच अंशी वक्र पुढे ताणूनच आलेला असतो. फरक इतकाच की दोर संपला तिथे ती चाचणी थांबते.

दुसरीला, म्हणजे घरी सोडवायच्या आणि फार वरचे गुण मोजू पाहणाऱ्या चाचणीला, 'हाय-रेंज' म्हणतात. हे प्रकरण नवं नाही. 'ऑम्नी' नावाच्या अमेरिकन मासिकाने १९७९ मध्ये केविन लँगडन या चाचणीकर्त्याची चाचणी, आणि १९८५ मध्ये रोनाल्ड होफ्लिन यांची 'मेगा टेस्ट' छापली होती. मेगात ४८ प्रश्न होते: २४ शाब्दिक, बाकीचे आकृत्यांचे आणि संख्यांचे. वेळ हवा तेवढा, शब्दकोश चालेल, दुसऱ्याला विचारायचं नाही. दहा लाखांत एकाला शोधून काढण्याची महत्त्वाकांक्षा होती. चार हजारांच्या आसपास लोकांनी उत्तरं पाठवली. या जातीच्या चाचण्यांत ही संख्या प्रचंडच म्हणायची. आज बऱ्याच हाय-रेंज चाचण्या काही डझन किंवा काहीशे लोकांवर बसवलेल्या असतात.

पण खरी गोम संख्येत नाही, कोण आले त्यात आहे. दादरच्या चाचणीसाठी माणसं शोधून आणली होती. इथे माणसं आपणहून आली. कोडी आवडणारे, आधी कुठेतरी चांगले गुण मिळालेले, आणि हातात फुरसत असलेले. ज्यांना पाचव्या प्रश्नालाच घाम फुटला त्यांनी मासिक रद्दीत घातलं, त्यांची नोंद कुठेच नाही. मग 'सामान्य माणसाची सरासरी १००' हे या गटातून कळणार कसं? कळत नाही. म्हणून चाचणीकर्ते उमेदवारांनाच विचारतात: आधी कुठली परीक्षा दिली, किती पडले? त्या सांगीव आकड्यांवर नव्या चाचणीचे कच्चे गुण (किती प्रश्न सुटले तो आकडा) बसवले जातात. आता माणूस काय सांगतो? दोनदा परीक्षा दिली असेल तर चांगला आकडा. त्यात कोणाचा आकडा १५ विचलनाच्या मापातला, कोणाचा २४ च्या.

हे विचलनाचं प्रकरण नीट समजून घ्या, कारण दोन आकडे शेजारी ठेवताना फसगत इथेच होते. मेन्सा या उच्च बुद्ध्यांकवाल्यांच्या संस्थेची अट वरच्या दोन टक्क्यांची. त्या उंबरठ्यावरचा माणूस वेक्सलरवर (विचलन १५) १३०, जुन्या स्टॅनफर्ड-बिने चाचणीच्या मापात (१६) १३२ आणि कॅटेल चाचणीवर (२४) १४८. माणूस एकच, माप वेगळं. होफ्लिनच्या जगातला 'दहा लाखांत एक' म्हणजे १६ विचलनावर १७६. १५ वर तो १७१ होतो. कोणी आकडा सांगितला की आधी विचलन विचारायचं, अगदी जागेचा भाव ऐकल्यावर कार्पेट की बिल्ट-अप हे विचारतो तसं.

अहवालात आणखी एक गोष्ट ठळक छापलेली असते: क्रोनबाखचा अल्फा, ०.९ किंवा त्याहून जास्त. भाचा यावर फार खूश होता. अल्फा सांगतो की चाचणीतले प्रश्न एकमेकांशी सुसंगत आहेत. शून्य कुठे आहे हे तो सांगत नाही. पाच किलोला सहा दाखवणारा काटा रोज न चुकता सहाच दाखवत असेल, तर त्याची विश्वासार्हता उत्तम आहे, भाजीवाल्याला विचारा.

बरं, ०.९ खरा मानला तरी काय मिळतं? विचलन १५ असताना मापनाची प्रमाण त्रुटी ४.७ येते, म्हणजे ९५ टक्के खात्रीने दोन्ही बाजूंना साधारण ९ गुण. १६० मिळालेला माणूस १५१ ते १६९ मध्ये कुठेही असू शकतो. गुणांत हा फरक किरकोळ वाटतो. दुर्मिळतेत बघा: १५१ म्हणजे तीन हजारांत एक, १६९ म्हणजे पावणेपाच लाखांत एक. एकाच अहवालात दोन्ही बसतात. वेक्सलरच्या एकूण बुद्ध्यांकाची विश्वासार्हता ०.९८ आहे, त्यामुळे तिथे हा पल्ला चार-चार गुणांचा राहतो. शिवाय हाय-रेंजमध्ये वरच्या टोकाला प्रश्न मोजके असतात. तिथे एक प्रश्न सुटला की तीन-चार गुण वर, आणि नेमका तोच प्रश्न इंटरनेटवर कुणीतरी सोडवून ठेवलेला असू शकतो. घोकलेलं गाइड पुन्हा आलंच.

चाचणीकर्त्यांची एक बाजू मात्र मला पटते. त्यांच्या चाचणीचा जुन्या परीक्षांशी सहसंबंध (दोन्हींचे गुण किती जोडीने वर-खाली होतात ते) कमी दिसला की टीकाकार तुटून पडतात. पण शिवाजी पार्कवरच्या सगळ्या पोरांत उंची आणि गोलंदाजीचा वेग यांचं नातं जेवढं दिसेल, तेवढं नुसत्या रणजीच्या वेगवान गोलंदाजांत दिसणार नाही, कारण तिथे सगळेच उंच. निवडक गटात सहसंबंध आपोआप खाली येतो. त्यावरून चाचणी टाकाऊ ठरत नाही. फक्त त्या ढिल्या नात्यावर १७५ चा मनोरा बांधू नये.

भाषेचाही काटा आहे. शाब्दिक प्रश्न इंग्रजी उपमांचे, आणि भाचा दहावीपर्यंत मराठी माध्यमात. आपल्यातलंच उदाहरण घ्या: सुताराला रंधा, तर विणकराला काय? गिरणगावात हयात घालवलेल्या माणसाला 'धोटा' (मागावर आडवा धागा नेणारा) झोपेतही आठवेल, त्याच्या नातवाला नाही. नातू कमी हुशार म्हणून नव्हे, गिरणीतला माग त्याने पाहिलाच नाही म्हणून. हाय-रेंज द्यायचीच असेल तर आकृत्या आणि संख्यांची निवडावी. दादरलाही हे विचारून घ्यावं, कारण वेक्सलरमध्ये शब्दांचा भाग आहेच.

जुन्या चाचण्यांबद्दल थोडं. वि. वि. कामतांचं बिने चाचणीचं मराठी-कानडी रूपांतर आणि नागपूरच्या मालिन यांची मुलांची चाचणी ही आपल्याकडची मोलाची कामं. पण प्रमाणकं शिळी होतात. अनेक देशांत दशकागणिक सुमारे तीन गुणांनी सरासरी वर सरकलेली दिसली, त्यामुळे जुन्या मापावर आजचं मूल फुगलेलं दिसू शकतं. मुलासाठी चाचणी घेत असाल तर प्रमाणकं कोणत्या सालची, हे विचाराच.

भाच्याला मी सांगितलं ते असं. आकडा कुठे दाखवायचा असेल, किंवा स्वतःची बलस्थानं आणि कच्चे दुवे खरंच जाणून घ्यायचे असतील, तर दादर. मानसतज्ज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडची नोंदणी आधी बघून घे. कोड्यांची खुमखुमी असेल तर दुसरी जरूर सोडव, महिनाभर डोकं खा. त्यातले काही प्रश्न खरोखर सुंदर असतात. मात्र पैसे भरण्याआधी चाचणीकर्त्याला तीन प्रश्न पाठव: किती लोकांवर बसवली, त्यांतल्या किती जणांचे जुने गुण कागदावर तपासले, आणि १४५ च्या वर प्रत्यक्षात किती जण होते.

तो जरा नाराज झाला, पण अपॉइंटमेंट दादरचीच घेतोय. अहवालात नुसता आकडा नको, दोन्ही बाजूंचा पल्लाही लिहून माग म्हटलं. आणि वेळ दुपारची घे. सकाळच्या फास्ट लोकलने डोंबिवलीहून उभ्याने आलेल्या माणसाचा बुद्ध्यांक दादरला उतरल्या उतरल्या मोजण्यात अर्थ नाही.