थिसिस टायपिंग-प्रूफचं दुकान : बाइंडिंग झकास, पण आजी पुणेरी झाली

विद्यापीठाजवळचं दुकान आहे, नाव नाही टाकत कारण काका माणूस म्हणून चांगलेत. माझा एमएचा लघुप्रबंध दिला होता, १०४ पानं, प्रूफचे पानाला १५ रुपये. मी अकोल्याकडचा, विषय कापसाच्या शेतीतले वऱ्हाडी शब्द.

टायपिंग, बाइंडिंगला नाव ठेवायला जागा नाही, तळटीपा पण जागच्या जागी. ऱ्हस्व-दीर्घ तर असं पकडलं की मलाच लाज वाटली, 'विद्यार्थी'चं समासातलं रूप मी आयुष्यभर चुकीचं लिहीत होतो.

पण परिशिष्ट उघडलं आन् डोकंच सटकलं. आमच्या गावच्या एका आजीचं वाक्य होतं, रेकॉर्डिंग ऐकून ऐकून उतरवलेलं, "डवरलं नाई तं पऱ्हाटीले तन खाते." काकांनी केलं, "कोळपणी न केल्यास कपाशीला तण खाते." आजी एकदम रेडिओवर बातम्या वाचायला बसली ना! 'वावर'चं सगळीकडे 'शेत' झालं, आणि हंगाम संपतो त्याला आमच्याकडे उलंगवाडी म्हणतात, तिची झाली 'उलथापालथ'. अहो काका, तो शब्द म्हणजेच तर माझा प्रबंध होता.

विचारलं तर म्हणे, "अरे प्रबंधात अशुद्ध कसं चालेल?" म्हटलं काका, १९०५ मध्ये ग्रिअर्सन या इंग्रजी अमदानीतल्या साहेबाच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीचा खंड निघाला, त्यात बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट एकेका बोलीत बोलतात तशीच छापलीये, साहेबाला जमलं ते आपल्याला काहून नाही जमत? आणि तुम्ही मराठी साहित्य महामंडळाच्या ज्या शुद्धलेखनाच्या नियमांवर चालता त्यांच्यात पण पात्राच्या तोंडच्या भाषेला सूट आहेच की. काका हसले, चहा सांगितला, पण पैसे काही कमी केले नाहीत. दोन रात्री जागून सगळं परत वऱ्हाडी केलं मी.

आता एक कबूल करतो, माझ्या विवेचनात मी पण "ही विभागणी इथे गंडते" आणि "शब्द बदलून राह्यले" असं लिहून ठेवलं होतं. काकांनी "सदोष ठरते", "बदलत आहेत" केलं. 'राह्यले' माझ्या हातून नकळत गेलं होतं, ते सुधारलं ते बरंच झालं. 'गंडते' मात्र मुद्दाम लिहिलेलं. आमच्या मार्गदर्शक मॅडमनी दोन्ही वाचलं आणि मार्जिनमध्ये लिहिलं, "गंडते बरं होतं." मग ठेवलं तेच.

पाचपैकी तीन स्टार, त्यातले दोन बाइंडिंगचे. बोलीवर काम असेल तर मुलाखतींची पानं प्रूफला देऊच नका, फक्त प्रकरणं द्या, पानामागचे १५ रुपये पण वाचतात.