फ्लॅटमधे धान्य भरून ठेवण्याचा अनुभव (एप्रिल ते दिवाळी)

एप्रिलमधे वाशीच्या एपीएमसीतून गहू, तांदूळ, तूरडाळ घाऊक आणली होती, आता अख्खा पावसाळा काढून झालाय त्यामुळे लिहायला हरकत नाही.

पद्धत सासूबाईंची. सातारला त्यांच्या अंगणात धान्य दोन-तीन दिवस कडक उन्हात पसरतात, गार झालं की पत्र्याच्या कोठीत, थराथरात कडुलिंबाचा पाला आणि डाळीला एरंडेल. माझा घणसोलीत वन बीएचके, बाल्कनीसमोर दुसरी विंग, ऊन येतं ते कपड्यांनाच पुरत नाही 😅 आणि सोसायटीच्या गच्चीला कायम कुलूप. सेक्रेटरींच्या मागे लागून एका रविवारची किल्ली मिळाली, त्यात निम्मा गहू वाळला, निम्मा तसाच भरावा लागला.

पाला दोन्ही डब्यांत सारखाच, सावलीत कुरकुरीत होईपर्यंत वाळवलेला (ओलसर घातला तर दमटपणा वाढून बुरशीच यायची). तरी श्रावणात न वाळवलेल्या डब्यात टोके झाले आणि ऊन दाखवलेला गहू अजून स्वच्छ आहे. म्हणून माझं मत, सगळं श्रेय पाल्याला देतात पण खरं काम उन्हाचं. धान्यातला ओलावा पुरेसा कमी झाला की किड्याचं फारसं चालत नाही, आणि कडक उन्हात दाणा तापला की आतली अंडी-अळ्या पण बऱ्याचशा मरतात.

एरंडेल मात्र पैकीच्या पैकी. १० किलो तूरडाळीला चार-पाच चमचे, हाताने नीट चोळून, प्रत्येक दाण्याला नुसती चकाकी आली पाहिजे, थबथबलेली नको. त्या तेलाच्या थरामुळे किड्याला दाण्यावर अंडी घालायला जमत नाही. शिजवायच्या आधी गरम पाण्याने दोनदा धुवायची, मग वास येत नाही, घरात कुणाला कळलं पण नाही. तांदळाला बोरिक पावडर लावा असं शेजारच्या काकू सांगत होत्या, पण घरात लहान मूल आहे, खायच्या वस्तूला मी ती लावणार नाही. तांदूळ आता पाच-पाच किलोच आणते.

रवा-बेसनाला यातलं काहीच चालत नाही. रवा सासूबाई भाजून ठेवतात, तो टिकतो पण उपम्यालाच बरा, इडलीसाठी कच्चा लागतो. मी पाकिटं आणल्या आणल्या चार दिवस फ्रीजरमधे (उणे १८ अंश) टाकते, बाहेर काढल्यावर पूर्ण रूम टेंपरेचरला येईपर्यंत उघडत नाही, नाहीतर आत पाणी सुटतं. पावसाळ्यात एकदाही जाळी धरली नाही. सासूबाईंना आधी हसू आलं, आता फोनवर विचारतात फ्रीजर किती नंबरवर ठेवतेस.

पैशाची बचत विचाराल तर टेम्पोचं भाडं धरून फार काही नाही. पुढच्या वर्षी डाळ वर्षाची भरणार, गहू तीन महिन्यांचाच, आणि मोठी कोठी कुणाला हवी असेल तर सांगा, झाकण घट्ट बसतं, अर्धा बेडरूम तिनेच अडवलाय.