टॅपेट गप्प झालं म्हणून खूश होऊ नका : 2005 ची पल्सर 150, घरीच हेड कव्हर खोलल्यानंतरचे नऊ महिने

भुसावळहून जळगाव, रोज जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर, आणि गाडी 2005 ची पल्सर 150 डीटीएसआय. वडिलांनी घेतलेली, आता माझ्याकडे. मागच्या नोव्हेंबरात पहिल्यांदा स्वतः हेड कव्हर (इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण) खोललं, टॅपेट (व्हॉल्व्हवरचे गॅप ठरवणारे स्क्रू) सेट केले, तेव्हापासून साडेनऊ हजार किलोमीटर झाले. एवढं वापरून झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं, कारण काम केल्यावर दुसऱ्या दिवशी सगळ्यांनाच गाडी मक्खन वाटते.

सुरुवात झाली ती मागच्या वर्षीच्या मे महिन्यातल्या त्रासाने. आपल्याकडचा मे म्हणजे सांगायला नको, 45 च्या पुढे पारा, डांबर चपलेला चिकटतं. सकाळी गाडी एका सेल्फमध्ये चालू, पण दुपारी जळगावात अर्धा तास ट्रॅफिकमध्ये तापली आणि बंद केली की परत चालूच होईना. दहा किक, पंधरा किक, शर्ट पिळून काढावा इतका घाम. थंड झाली की आपोआप शहाणी. कार्बोरेटर साफ करून झाला, दोन्ही प्लग बदलले (डीटीएसआय म्हणजे प्लगचा खर्चही डबल), एअर फिल्टर नवा टाकला, फरक शून्य. आणि गंमत म्हणजे इंजिनाचा आवाज एकदम गोड होता, कटकट नाही काही नाही. ज्या गॅरेजला दाखवायचो तिथे दर सर्व्हिसिंगला "टॅपेट वाजतात" म्हणून थोडे थोडे कसून द्यायचे, मी पण खूश, आवाज गेला ना.

तिथेच घोळ होता. टॅपेटचा गॅप म्हणजे रॉकर (व्हॉल्व्ह दाबून उघडणारा हात) आणि व्हॉल्व्हच्या दांडीमधली बारीकशी फट. इंजिन तापलं की लोखंड वाढतं, त्या वाढीला ही जागा ठेवलेली असते. त्यात किलोमीटर वाढले तसा व्हॉल्व्ह सीटमध्ये, म्हणजे तो टेकतो त्या कडीत, घासून आत बसत जातो, म्हणजे दांडी वर येते आणि फट आपोआप कमी होते, आवाजही आपोआप कमी होतो. गॅप संपला की गरम इंजिनात व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गळतं, मग मारा किक. एक्झॉस्टवाला (जळलेला वायू बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) तर जास्तच तापतो, त्याला थंड व्हायला सीटला टेकूनच वेळ मिळतो, तो मिळाला नाही की कड जळते. म्हणजे थोडी टिकटिक परवडली, एकदम शांत इंजिन नाही परवडत. हे मला अठरा वर्षं गाडी चालवून कळलं.

या गाडीचा आकडा इनटेक (हवा-पेट्रोल आत घेणारा व्हॉल्व्ह) 0.05 मिलीमीटर, एक्झॉस्ट 0.10, आणि तो पूर्ण थंड इंजिनाचा. थंड म्हणजे रात्रभर उभी असलेली, तासभर सावलीत लावलेली नाही. उन्हाळ्यात तर पहाटे साडेपाचला बसलो तरच अर्थ आहे, आठ वाजता आपल्या ओट्यावरची फरशीच गरम झालेली असते.

सामान जास्त लागत नाही. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा) दीडशे रुपयांचा घेतला, चालला, पण पावसाळ्यात पात्यांवर गंज धरला, आता तेलाचा हात फिरवून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवतो. नवीन कव्हर पॅकिंग आधीच आणून ठेवा, जुनं रबर कडक झालेलं असतं, परत बसवलं की हमखास गळणार. टॉर्क पाना (बोल्ट ठरलेल्या जोरानेच कसायचा पाना) मात्र महाग, तो मी शालकाबरोबर अर्धे अर्धे पैसे घालून घेतला, आणि तोही हात पोळल्यावर. ते खाली येतंच.

खोलायच्या आधी हेडचा भाग डिझेल आणि जुन्या टूथब्रशने घासून काढा, कंटाळा करू नका. आपली काळी माती तेलावर बसून तिचा असा थर होतो की खरवडला तर खडे निघतात, आणि ते खडे कव्हर उचललं की सरळ कॅमवर (रॉकर हलवणाऱ्या शाफ्टवर) पडणार. मग सीट, टाकी काढायची, टाकी काढल्याशिवाय हात नीट जात नाही. दोन्ही प्लग काढून ठेवायचे म्हणजे इंजिन हलकं फिरतं. कव्हर निघालं की पहिलं काम, टायमिंग चेनच्या बाजूची जी पोकळी खाली इंजिनात जाते तिच्यात जुन्या बनियनचा स्वच्छ तुकडा कोंबायचा. मी कोंबला नव्हता. भाचा वॉशर हातात देत होता, वॉशर सुटला, टण टण करत कडेला जाऊन थांबला, त्या भोकापासून बोटभर अंतरावर. वडील दारात उभे, "काय करू राह्यला रे भो, गाडी इकायची हाय का?" मी काहीच बोललो नाही, बोलण्यासारखं होतं काय.

पिस्टन वर आणायला मी मेन स्टँडवर गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने पुढच्या दिशेने फिरवतो, डाव्या कव्हरवरचं झाकण काढून आत मॅग्नेटवरची टी खूण समोर आणतो. आणि इथे माझी पहिली चूक झाली, मी खूण बघितली आणि लगेच पाने घेऊन बसलो. टी खूण चार स्ट्रोकमध्ये दोनदा येते! एकदा कॉम्प्रेशनला, एकदा एक्झॉस्ट संपताना, आणि त्या दुसऱ्या वेळी दोन्ही व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडे असतात. मी नेमका तिथे गॅप दिला. गाडी चालू केली तर शिलाई मशीनवर कोणी जीन्स शिवतंय असा आवाज, गल्लीतली दोन पोरं बघायला आली. परत सगळं थंड होईपर्यंत थांबलो, दुसऱ्या दिवशी पहाटे परत टाकी काढली. आता सोपी खात्री करतो, खुणेवर असताना दोन्ही रॉकर बोटाने हलवून बघायचे, दोन्ही किंचित हलले तर बरोबर, घट्ट असतील तर चाक अजून फिरवायचं. फक्त माझ्यासारखा गॅपच संपलेला असेल तर बरोबर खुणेवरही रॉकर हलत नाही, तेव्हा कॅमचं टोक रॉकरपासून लांब आहे ना ते डोळ्याने बघा.

बरोबर जागी मोजलं तेव्हा इनटेकला 0.05 ची पाती घासत का होईना गेली, एक्झॉस्टला तीच पाती शिरायलाच तयार नाही. जिथे 0.10 पाहिजे तिथे 0.05 पण नाही. मे महिन्यातल्या सगळ्या किका डोळ्यासमोर आल्या.

सेटिंगमध्ये हाताचा अंदाज यायला वेळ लागतो. चेकनट (टॅपेट स्क्रू जागेवर धरणारा नट) ढिला करायचा, पाती मध्ये ठेवून टॅपेट स्क्रू हलकेच टेकवायचा, स्क्रू तसाच धरून चेकनट कसायचा. कसताना स्क्रू थोडा फिरतोच, म्हणून कसल्यावर परत मोजायचं, मला सुरुवातीला चार-पाच वेळा करावं लागलं. वहीत ठेवलेलं मोरपीस वही न उघडता ओढलं की जसं हलकं अडकत बाहेर येतं, पाती तशी यायला पाहिजे. एक्झॉस्टला 0.10 ची अशी यावी आणि 0.15 ची जाऊच नये. चक्रावल्यासारखं वाटलं तर चहा पिऊन या, घाईत नको.

आता कव्हर बसवताना. पहिल्यांदा मी स्वस्तातली पॅकिंग आणली, दोन महिन्यांत फुगून एका बाजूने तेल यायला लागलं. मग मी काय केलं, तर बोल्ट अजून आवळला. आणि अजून. ॲल्युमिनियममध्ये 6 एमएमचा बोल्ट, त्याला दहा न्यूटन मीटरच्या आसपास पुरे, मी ट्रकच्या चाकासारखा जोर लावला, एक क्षण तो कसत होता आणि पुढच्या क्षणी लोण्यात फिरल्यासारखा नुसताच फिरायला लागला. आटे गेले. लेथवाल्याकडे हेलीकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) टाकून घेतला, एक दिवस आणि पॅकिंगपेक्षा कितीतरी जास्त पैसे गेले, त्यानंतर टॉर्क पाना आणला. दुसरी पॅकिंग जरा महागाची घेतली, ती अजून टिकून आहे. पॅकिंगला भरमसाट सिलिकॉन लावायच्या फंदात पण पडू नका, आतल्या बाजूला निघालेला गोळा सुटून तेलाच्या वाटेत अडकला तर कॅम जाईल.

नऊ महिन्यांचा हिशोब असा, की यंदाच्या मेमध्ये भर दुपारी, रावेरला लग्नाला जाऊन आलो त्या दिवशीसुद्धा, गरम गाडी एका सेल्फला चालू झाली. आयडलिंग एका जागी थांबतं, सिग्नलला ॲक्सिलेटर धरून बसावं लागत नाही. ॲव्हरेज 41 वरून 45 वर गेलं, पण प्लग आणि फिल्टरही नवीन होते म्हणून सगळं श्रेय टॅपेटला देत नाही. आवाज आधीपेक्षा थोडा जास्त आहे, सकाळी थंड असताना बारीक टिकटिक ऐकू येते, मला आता ती आवडते. एप्रिलमध्ये पाच हजारावर परत उघडून बघितलं, इनटेक तसाच, एक्झॉस्टला 0.10 थोडी घट्ट जात होती, केसभर ढिलं केलं. पहिल्यांदा दोन सकाळी गेल्या होत्या, एप्रिलमध्ये दीड तासात टाकी परत जागेवर.

ज्याला गाडी लगेच पाहिजे असते, घरी दुसरं वाहन नाही, त्याने हे तयारीशिवाय रविवारी सकाळी सुरू करू नये, शनिवारी रात्री गाडी धुवून उभी करावी आणि सोमवारची सोय बघून ठेवावी. आणि गॅरेजवालाच बरा वाटत असेल तर हरकत नाही, फक्त गाडी आदल्या रात्री नेऊन ठेवा आणि फिलर गेज लावताना समोर उभे रहा.

मागच्या आठवड्यापासून हेलीकॉइल टाकलेल्या कोपऱ्यात तेलाचा थोडा ओलेपणा दिसतोय, थेंब नाही, नुसती धूळ चिकटते. पाना हातात घेऊन दोनदा ओट्यावर जाऊन आलो. अजून हात लावलेला नाही.