अडीच मिलिमीटर पुरतं: कॅम्पिंगच्या चाकूचा खान्देशातला अनुभव

मोरा या स्वीडिश कंपनीचा कंपॅनियन नावाचा चाकू, स्टेनलेस पात्याचा, मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर घेतला. आता उन्हाळा डोक्यावर आलाय. मधल्या काळात हा चाकू लळिंग, सोनगीर, भामेर हे किल्ले करून आला, तोरणमाळच्या थंडीत राहिला आणि सगळ्यात जास्त राबला तो सासुरवाडीला, यावल तालुक्यातल्या मळ्यात, भरिताच्या पार्ट्यांना. तुलनेला आणखी दोन होते. एक ट्रकच्या जुन्या पाट्यापासून लोहाराकडून घडवून घेतलेला. दुसरा मित्राचा, ऑनलाइन मागवलेला: काळा रंग मारलेला, पाठीवर करवतीचे दाते, पातं तब्बल सहा मिलिमीटर जाड. त्याचं नाव घेत नाही, तसे डझनभर मिळतात.

ज्यांना फक्त निकाल हवाय त्यांच्यासाठी तो इथेच सांगतो. खान्देशात डोंगर-किल्ले फिरणाऱ्याला दहा सेंटिमीटरच्या आसपास लांब, अडीच-तीन मिलिमीटर जाड, सहसा न गंजणारं आणि न मिटणारं पातं पुरतं. त्यापेक्षा जाड घ्याल तर पैसे देऊन ओझं विकत घ्याल.

जाडीचं खूळ येतं व्हिडिओंमधून. कुणीतरी थंड देशातल्या जंगलात ओंडका उभा करतो, त्यावर चाकू धरतो आणि पाठीवर दांडकं हाणून लाकूड फोडतो. त्याला बॅटनिंग म्हणतात. तिकडे ते समजण्यासारखं आहे. सगळं रान ओलं असलं की कोरडं लाकूड ओंडक्याच्या पोटातच मिळतं. आपल्याकडे दिवाळीनंतर सगळं वाळून खडखडीत. बांधावर तुराट्या आणि कपाशीच्या काड्यांचे ढीग पडलेले असतात, काडी लावली की भडकतात. आणि लाकूड फोडायचंच असेल तर कुठल्याही मळ्यात कुऱ्हाड असतेच. राखीव जंगलात तर झाड तोडायला आणि जाळ करायला १९२७ च्या भारतीय वन कायद्यानेच मनाई आहे. मार्च-एप्रिलमध्ये सातपुड्यात सागाचा पाचोळा घोट्यापर्यंत साचलेला असतो. तिथे शेकोटीचा हट्ट धरणाऱ्याबरोबर मी मुक्कामाला जात नाही. गॅसचा छोटा स्टोव्ह नेतो.

तरी मित्राला त्याच्या चाकूचं पाणी दाखवायचंच होतं. साक्री भागात एका मळ्यात थांबलो होतो, तिथे अंजनाचा वाळका तुकडा पडलेला. अंजन म्हणजे आपल्याकडच्या सगळ्यात जड आणि कठीण लाकडांपैकी. याने पातं लावलं, वर दांडकं हाणायला सुरुवात केली. पाठीवरच्या दात्यांनी दांडक्याचाच भुगा पडायला लागला आणि पातं बोटभर शिरून जे अडकलं ते अडकलंच. मळ्याचे मालक बाजूला उभे राहून बघत होते. म्हणाले, "हाई काय शे भाऊ?" मग घरातून कुऱ्हाड आणून दोन घावांत तुकडा मोकळा केला. चाकू निघाला तेव्हा काळा रंग खरवडला गेलेला आणि धार मधोमध एका बाजूला वळलेली. नखावरून फिरवली की वळलेली जागा चक्क लागायची.

आता त्या चाकूने कांदा कापून बघा. पातं अर्ध्यात गेलं की जाडीमुळे कांदा कापला जात नाही, कटकन फुटतो, आणि अर्धा भाग मातीत. मुक्कामात चाकूचं काम असतं तरी काय? कांदा, मिरची, काकडी, लसूण. दोरी तोडायची, तंबूच्या खुंटीला टोक काढायचं, पाकिटं फोडायची, चपलेच्या तळात घुसून मोडलेला बाभळीचा काटा टोकाने उकरून काढायचा. यातल्या एकाही कामाला सहा मिलिमीटर लागत नाहीत. काट्याला तर उलट निमुळतं टोकच हवं.

भरिताच्या पार्टीत चाकूची खरी परीक्षा होते असं माझं मत आहे, आणि यावर कुणी हसलं तरी चालेल. हिरवट, मोठाली भरिताची वांगी काड्यांच्या जाळावर टाकण्याआधी त्यांना टोचे मारावे लागतात, नाहीतर आतल्या वाफेने फुटतात. टोचा खोल हवा पण वांगं फाटायला नको. कंपॅनियनचं टोक हे काम सहज करतं. मग पातीचा कांदा बारीक, मिरची बारीक, लसूण ठेचायचा असतो म्हणून तो सोडून द्या. वांगी भाजून, सोलून बडगीत (भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यात) पडेपर्यंत पंधरा-वीस माणसांची पात चिरून व्हायला हवी. मेहुण्याने पहिल्यांदा हा चाकू पाहिला तेव्हा म्हणाला, "दाजी, हे प्लास्टिकच्या मुठीचं खेळणं कशाला आणलं?" पुढच्या वेळी तोच पात चिरायला बसला आणि चाकू परत मागावा लागला.

केळीच्या पानांचंही सांगायला हवं. पंगतीला पान घेताना मधली जाड शीर मागच्या बाजूने तासून घेतली की पान सपाट बसतं, भाजीचा रस वाहत नाही. ही शीर तासायची म्हणजे पातं जवळजवळ आडवं धरून सरकवायचं. मोराच्या पात्याचा उतार एकच आणि सपाट आहे, तो थेट धारेपर्यंत जातो. याला स्कँडी ग्राइंड म्हणतात. तो उतार शिरेवर टेकवला की पातं आपोआप त्याच कोनात चालतं, पान फाटत नाही. लाकूड तासतानाही हाच फायदा. वाळक्या सागाच्या काडीचे कुरळे, पातळ पापुद्रे काढायचे, काडीलाच चिकटलेले ठेवायचे, आणि त्यांना पेटवायचं. पावसाळ्यात शेतावर चूल पेटवताना हे फार कामी आलं.

लोखंडाचं गणित थोडक्यात. कंपॅनियनच्या स्टेनलेस पात्याला स्वीडिश १२सी२७ पोलाद वापरतात. त्यात कार्बन सुमारे ०.६ टक्के आणि क्रोमियम साडेतेरा टक्के. क्रोमियममुळे गंज सहसा धरत नाही. याच चाकूचा कार्बन स्टीलचा भाऊही मिळतो, त्यात कार्बन एक टक्क्याच्या आसपास. तो थोडा जास्त कठीण असतो, पण ओला ठेवला की तांबूस ठिपके आलेच. खान्देशची हवा कोकणासारखी दमट नाही, त्यामुळे कार्बन इथे चालणार नाही असं नाही. अडचण हवेची नाही, जेवणाची आहे. कांदा, लिंबू, टोमॅटो आणि सगळ्यात वाईट म्हणजे केळीचा चीक. लोहाराकडच्या पात्यावर केळीचं पान कापलं की काही मिनिटांत निळे-काळे डाग येतात. ते डाग म्हणजे गंज नव्हे, उलट तो थर पुढच्या गंजाला थोडा अडवतो. पण सासूबाईंना हे पटवता आलं नाही, त्यांच्या दृष्टीने तो चाकू मळकटच.

लोहाराकडून करून घ्यायचा असेल तर पाट्याचंच लोखंड मागा, ते स्प्रिंगचं पोलाद असतं, पाणी चांगलं घेतं, म्हणजे तापवून एकदम थंड केलं की छान कठीण होतं. दोन गोष्टी आधी सांगा. पातं पातळ ठेवा, कारण त्यांचा हात कोयता-कुऱ्हाडीला बसलेला असतो आणि सवयीने जाड होतं. आणि पाणी फक्त धारेच्या बाजूला द्या, पाठ मऊ राहू द्या, म्हणजे पातं तडकत नाही. माझ्या लोहारदादांनी दुसरं न सांगताच केलं. पहिलं सांगूनही चार मिलिमीटरच झालं. तरी या चाकूवर माझा जीव आहे. बाभळीच्या लाकडाची मूठ, उन्हात हाताला चटका देत नाही.

मुठीचा विषय निघालाच आहे तर टँगबद्दल बोलतो. टँग म्हणजे पात्याची मुठीत शिरणारी शेपटी. कंपॅनियनमध्ये ती मुठीच्या टोकापर्यंत जात नाही, आणि चर्चांमध्ये यावरून लोक एकमेकांच्या उरावर बसतात. फळं-भाज्या, दोरी, काड्या यांसाठी मला ती कधी कमी पडली नाही. ज्यांना ठोकाठोकी करायचीच आहे त्यांनी मोराचाच गारबर्ग बघावा. त्यात टँग पूर्ण मुठीतून जाते, पातं ३.२ मिलिमीटर जाड आणि पोलाद १४सी२८एन. त्याची पाठ काटकोनात घासलेली असते, त्यामुळे फेरो रॉड नावाच्या धातूच्या कांडीवर घासून ठिणग्या पाडता येतात. साध्या कंपॅनियनची पाठ तशी नसते. मी लायटर नेतो, त्यामुळे मला फरक पडला नाही. पोकळ मुठीत होकायंत्र, गळ आणि आगपेटी भरलेले जे चाकू मिळतात ते मात्र कुठल्याही किमतीला घेऊ नका. तिथे पातं मुठीला जेमतेम सांध्यावर धरलेलं असतं.

म्यान प्लास्टिकचं आहे, टक् असा आवाज करून बसतं. दिसायला गरीब, पण पावसाळ्यात चामड्यापेक्षा बरं. लोहाराच्या चाकूला मी चामड्याचं शिवून घेतलं होतं, ते श्रावणात भिजलं आणि आतून दोन दिवस वाळेना. ओल्या चामड्यात कार्बनचं पातं ठेवू नये, बाहेर कापडात गुंडाळून ठेवावं. मोराच्या म्यानाला खाली पाणी निथळायला भोक आहे.

धार. सहा महिने वापरायचा असेल तर चाकू घेण्याइतकंच महत्त्व याला द्या. आठवडी बाजारात चाकावर धार लावणारे बसतात. विळ्या-कात्र्यांना ते ठीक. पण फिरत्या कोरड्या दगडावर पातळ धार क्षणात तापते. पोलादावर निळी झाक दिसली म्हणजे तिथलं तापमान तीनशे अंशांच्या घरात गेलं आणि तिथलं पाणी उतरलं. मग कितीही घासा, ती जागा लवकर बोथट होणार. मावसभावाच्या चाकूच्या टोकाला अशीच निळी पट्टी आली आहे. मी घरी पाण्याचा दगड ठेवलाय, एका बाजूने हजार ग्रिट (ग्रिट म्हणजे दगडाच्या बारीकपणाचा आकडा), दुसऱ्या बाजूने त्याहून बारीक. स्कँडीचा फायदा इथेही आहे: कोन शोधायचा नाही. उतार दगडावर सपाट टेकवा, बोटाने हलका दाब द्या, दगड ओला ठेवा, आणि सरळ पुढे-मागे. दुसऱ्या बाजूला अंगठ्याला खरखरीत काठ जाणवला की बाजू बदला. शेवटी जुन्या कमरपट्ट्यावर उलट्या दिशेने ओढा. भरिताच्या पार्टीनंतर एवढं केलं तर पुढची पार्टी निघते.

कायद्याचं बरेच जण विचारतात. शस्त्र नियम २०१६ मध्ये नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याच्या चाकूंचा उल्लेख आहे, घरगुती आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. दहा सेंटिमीटर म्हणजे चार इंच, त्यामुळे माप खूप खाली राहतं. पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. सण, यात्रा, निवडणुका आल्या की जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७ लागू झाल्याची बातमी येते, त्या आदेशांत चाकू-सुरे बाळगायलाही मनाई असते. म्हणून दिवाळीत अस्तंबा डोंगराच्या यात्रेला गेलो तेव्हा चाकू घरीच ठेवला. एरवीही कमरेला लटकवून एसटीत चढू नये. सॅकच्या तळाशी, म्यानात, भांड्यांबरोबर.

आणि अभयारण्यात नेऊच नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत चाकू नावानिशी आहे आणि लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही. यावल, अनेर धरण, पाटणादेवीचा गौताळा, सगळीकडे हेच. पाटणादेवीला जाताना आम्ही काकड्या घरूनच चिरून नेतो.

एक सवय घरातल्या पोरांना लावली ती सांगतो: बसून लाकूड तासताना दोन मांड्यांच्या मध्ये पातं चालवायचं नाही. मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रक्तवाहिनी जाते, आणि डोंगरावर तिथे लागलं तर खाली यायला वेळ मिळत नाही. कोपर गुडघ्याच्या पुढे टेकवायचं आणि धार अंगापासून लांब न्यायची.

सध्याची स्थिती: पात्यावर ओरखडे भरपूर, गंज नाही, धार अजून कागद सरळ कापते. मित्राने त्याचा जाडजूड चाकू विकायला काढलाय, कुणाला हवा असेल तर माझ्याकडे विचारू नका. लोहाराचा सासऱ्यांनी मळ्यातच ठेवून घेतला. पानं तोडायला बरा आहे म्हणाले, आता जावयाने परत मागायचा कसा.