वस्तूंची यादी की प्रसंगांची वही : नोंदींच्या ॲपचा अनेक महिन्यांचा अनुभव

पुस्तके, ध्वनिमुद्रिका, पाहिलेले चित्रपट आणि दिसलेले पक्षी या चार गोष्टींची नोंद गेले अनेक महिने मी मोबाइलवर ठेवत आलो आहे. त्यासाठी गुडरीड्स, लायब्ररीथिंग, डिस्कॉग्ज, लेटरबॉक्स्ड आणि ईबर्ड ही ॲप नियमितपणे वापरली; आणखी काही डाउनलोड केली आणि थोड्याच दिवसांत काढून टाकली. ॲप निवडताना कोणता प्रश्न आधी विचारावा, हे या वापरातून मला कळले. आपल्याला वस्तू मोजायच्या आहेत की प्रसंग, हा तो प्रश्न. कपाटात असलेली प्रत ही वस्तू आहे आणि ती वाचून काढणे हा प्रसंग आहे. एकाच प्रतीचे वाचन अनेकदा होऊ शकते, ग्रंथालयातून आणलेले पुस्तक वाचले तरी ते संग्रहात येत नाही आणि हौसेने घेतलेली प्रत वर्षानुवर्षे उघडलीही जात नाही. ज्या ॲपच्या रचनेत हा भेद मुळातच आहे, ते नोंदी वाढल्यावरही कामाचे राहते. जे ॲप दोन्हींची सरमिसळ करते, त्यात नोंदींबरोबर गोंधळही वाढत जातो.

पुस्तकांपासून सुरुवात करतो. या ॲपच्या जाहिरातीत बारकोड वाचण्याच्या सोयीला अग्रस्थान असते आणि अलीकडच्या पुस्तकांच्या बाबतीत ती सोय खरोखर चांगली चालते. कॅमेरा मलपृष्ठावर धरला की आयएसबीएन या पुस्तकांच्या आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांकावरून शीर्षक, लेखक, प्रकाशक आणि मुखपृष्ठ आपोआप भरले जाते. अडचण जुन्या पुस्तकांपाशी सुरू होते. हा क्रमांक तेरा आकडी झाला तो १ जानेवारी २००७ पासून. त्याआधी तो दहा आकडी होता, आणि त्याचे आंतरराष्ट्रीय मानकच १९७० सालचे असल्यामुळे त्याहून जुन्या पुस्तकांवर साधारणपणे क्रमांक सापडतच नाही. दहा आकडी क्रमांकातील शेवटचा अंक पडताळणीचा असतो आणि त्याचे मूल्य दहा आले तर तेथे ‘एक्स’ हे अक्षर छापतात. परंतु क्रमांक हाताने भरायची वेळ आली की काही ॲप केवळ अंकांचा कीपॅड पुढे करतात, आणि मग एका अक्षरावाचून काम अडून बसते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की आयएसबीएन हा आवृत्तीचा क्रमांक असतो, प्रतीचा नव्हे. जसेच्या तसे पुनर्मुद्रण झाले तर क्रमांक बदलत नाही, म्हणून पहिल्या छपाईची प्रत आणि सातव्या छपाईची प्रत ॲपच्या लेखी एकच ठरते. वाचकाला याचे काही वाटणार नाही. संग्राहकाच्या दृष्टीने मात्र सगळी मेख तेथेच असते. २००५ साली सुरू झालेल्या लायब्ररीथिंगची मांडणी मला या बाबतीत अधिक विचारपूर्वक केलेली वाटली. तेथे एकाच कृतीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या एका छत्राखाली एकत्र येतात, तरी आपली प्रत ही आपली स्वतंत्र नोंद म्हणून शिल्लक राहते आणि तिच्यातील तपशील आपण हवे तसे बदलू शकतो. शिवाय पुस्तकाची माहिती विक्रेत्यांच्या यादीवरून न घेता थेट ग्रंथालयांच्या तालिकांमधून घेता येते, त्यामुळे बारकोड नसलेली पुस्तकेही बऱ्याचदा सापडतात. गुडरीड्सचा पिंड वेगळा आहे. वाचायचे आहे, वाचत आहे आणि वाचले या तीन कप्प्यांभोवती ते उभे आहे. मालकीच्या प्रतीला तेथे दुय्यम स्थान आहे. हा दोष नव्हे, पण कपाटाची यादी करायला कोणी ते घेईल तर त्याची निराशा होईल.

ध्वनिमुद्रिकांच्या नोंदीत मी सर्वाधिक वेळ घालवला आणि समाधानही तेथेच सर्वाधिक मिळाले. डिस्कॉग्ज २००० साली इलेक्ट्रॉनिक संगीताची सूची म्हणून सुरू झाले आणि पुढे सर्व प्रकारच्या संगीतापर्यंत पसरले. त्यात ‘मास्टर’ म्हणजे एखादा अल्बम त्याच्या सर्व रूपांसह, आणि ‘रिलीज’ म्हणजे त्याचे एक विशिष्ट प्रकाशन, असे दोन स्तर आहेत. आपल्या संग्रहात जी भर पडते ती नेहमी रिलीजची. म्हणजेच आपल्या हातात नेमके कोणते प्रकाशन आहे हे ठरवल्याशिवाय नोंद पुरी होत नाही. दुकानातील मालावर बारकोड वाचला जाऊ लागला तो १९७४ पासून, आणि ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवर तो रुळायला आणखी काही वर्षे गेली. त्यामुळे जुन्या तबकड्यांच्या बाबतीत कॅमेऱ्याचा उपयोग नसतो. मग आधी लेबलवरचा कॅटलॉग क्रमांक शोधावा लागतो, आणि तेवढ्याने चार-पाच प्रकाशने समोर आली तर तबकडी दिव्याखाली तिरकी धरून शेवटची खाच आणि लेबल यांच्यामधल्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेली अक्षरे वाचावी लागतात. ती काही वेळा साच्याने उमटवलेली असतात, काही वेळा हाताने ओरखडलेली. तीन आणि आठ यांतील फरक कळण्यासाठी भिंग घ्यावे लागते. एवढे करून ॲपमधील नोंदीशी ती अक्षरे तंतोतंत जुळली की आपली तबकडी कोणत्या मुद्रणाची आहे हे जवळजवळ खात्रीने सांगता येते. असल्या उद्योगाला कोणी वेळखाऊ म्हणेल; माझ्या मते ज्याला तो कंटाळवाणा वाटतो त्याला या संग्रहाचे ॲप नको आहे, साधी यादी हवी आहे.

तबकडीची स्थिती आणि वेष्टनाची स्थिती येथे वेगवेगळी नोंदवता येते, हीसुद्धा वस्तू ओळखणाऱ्या ॲपची खूण. श्रेणी ‘गोल्डमाइन’ या ध्वनिमुद्रिका-संग्राहकांच्या अमेरिकी नियतकालिकाच्या पद्धतीच्या आहेत आणि नवख्या माणसाला त्या हमखास फसवतात, कारण तेथे ‘गुड’ म्हणजे चांगली नव्हे. त्या श्रेणीतील तबकडी खरखर करणार, हे गृहीत धरूनच ती घ्यायची असते. मी श्रेणीवर विसंबत नाही. रिकाम्या टिपेच्या रकान्यात ‘दुसऱ्या बाजूचे तिसरे गाणे, सुरुवातीलाच सुई मागे जाते; धुतल्यावरही तेच’ असे लिहून ठेवतो. तबकडी पुन्हा लावताना श्रेणीपेक्षा हे वाक्यच उपयोगी पडते.

चित्रपट आणि पक्षी यांच्याकडे वळले की वस्तूचा प्रश्नच उरत नाही, तेथे सर्व काही प्रसंग आहे. लेटरबॉक्स्ड २०११ साली न्यूझीलंडमधून सुरू झाले. त्याची मला आवडलेली बाब अशी की ‘पाहिला’ एवढीच खूण करणे आणि अमुक तारखेला पाहिला अशी रोजनिशीत नोंद करणे या दोन स्वतंत्र क्रिया आहेत. लहानपणी कधीतरी पाहिलेल्या चित्रपटाला खोटी तारीख चिकटवावी लागत नाही, आणि तोच चित्रपट पुन्हा पाहिला तर नवी नोंद जुनीवर चढत नाही, तिच्या शेजारी बसते. दोन्ही वेळची मते एकाखाली एक वाचता येतात आणि कधीकधी ती एकमेकांशी भांडतातही.

कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेने ऑडुबॉन या अमेरिकी पक्षिसंवर्धन संस्थेसह २००२ साली सुरू केलेले ईबर्ड या विचारात सर्वांत पुढे गेलेले आहे. तेथे आपण पक्ष्यांची यादी भरत नाही, फेरी भरतो: कोठे, केव्हा, किती वेळ, किती अंतर चालून. त्या फेरीत कोणते पक्षी किती दिसले हे लिहायचे, संख्या मोजली नसेल तर अंकाऐवजी ‘एक्स’ लिहायचा, आणि शेवटी एका प्रश्नाचे उत्तर द्यायचे, की ओळखता आलेले सर्व पक्षी तुम्ही नोंदवले आहेत काय. हा प्रश्न पहिल्यांदा निरुपद्रवी वाटतो. पण ‘होय’ म्हटले की यादीत नसलेला पक्षी त्या वेळी आढळला नाही, हीसुद्धा माहिती ठरते, आणि संशोधकांना तिचीच गरज असते. आयुष्यभरात पाहिलेल्या पक्ष्यांची यादी आपल्याला वेगळी ठेवावी लागत नाही. ॲप ती फेऱ्यांमधून स्वतः काढते. एखादी नोंद त्या भागासाठी किंवा त्या ऋतूसाठी अनपेक्षित असेल तर ती स्वयंसेवक परीक्षकाकडे जाते आणि तपशील विचारला जातो. काहींना याचा राग येतो. मला उलट आपली वही कोणीतरी वाचते आहे याचे बरे वाटते.

गुणांकनाबद्दल माझे मत बदलत गेले आहे आणि ते ॲपना फारसे अनुकूल नाही. गुडरीड्सवर पाच पूर्ण तारे आहेत आणि त्यांचे अर्थही ठरलेले आहेत. तीन तारे म्हणजे ‘आवडले’. बहुतेक लोक तीन तारे नाराजीच्या सुरात देतात, त्यामुळे एकच चिन्ह दोन माणसे दोन अर्थांनी वापरत असतात. लेटरबॉक्स्डवर अर्धा तारा आहे, द स्टोरीग्राफ या वाचननोंदीच्या आणखी एका ॲपवर तर पाव ताराही आहे. बारकावा वाढला म्हणून अचूकपणा वाढत नाही. काही महिन्यांपूर्वी दिलेले साडेतीन तारे आज पाहिले की ते पुस्तकाला दिले होते की त्या दिवशीच्या मनःस्थितीला, हे मला सांगता येत नाही. त्याखाली दोन ओळींची टीप असेल तर मात्र सगळे आठवते. म्हणून मी आधी टीप लिहितो, तारे नंतर देतो, आणि सुचले नाहीत तर देत नाही. वर्षभरात इतकी पुस्तके वाचीन अशा संकल्पांची सोय मी बंदच ठेवली आहे. तिच्यामुळे जाड पुस्तके मागे पडू लागतात.

मराठी वापरकर्त्याला एक अडचण स्वतंत्रपणे सांगायला हवी. देवनागरी शीर्षके या सूच्यांमध्ये कधी देवनागरीत असतात, कधी रोमन लिपीत आणि कधी दोन्हींत वेगवेगळ्या नोंदी म्हणून. त्यामुळे शोध दोन-तीन प्रकारे घ्यावा लागतो. तरीही समोर असलेली नोंद सापडत नाही असे घडते, आणि त्याचे एक कारण फार गमतीचे आहे. ‘वाऱ्यावर’ यातील अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील अक्षरांच्या सर्वमान्य संकेतपद्धतीत, दोन रीतींनी लिहिता येतो. एकात नुक्त्याचा ‘ऱ’ वापरलेला असतो, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागून न दिसणारे एक जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, परंतु ॲपला ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. कोणत्या कीबोर्डवरून कोणी टंकले यावर मग तुमचे पुस्तक सापडणे अवलंबून राहते. तोडगा साधा आहे: असा शब्द टाळून शीर्षकातील दुसऱ्या शब्दाने शोधावे.

नोंदी बाहेर काढता येणे हा निकष मी आता सर्वांत कडक ठेवला आहे. सुरुवातीला उल्लेखलेल्या पाचही ठिकाणी आपली माहिती फाइलच्या रूपात उतरवून घेता येते. ती फाइल एक्सेलमध्ये थेट उघडली तर मात्र देवनागरी मजकुराची अनाकलनीय चिन्हे होऊ शकतात आणि तेरा आकडी क्रमांक ‘९.७८’ आणि पुढे घातांक अशा रूपात आक्रसून जातो. म्हणून ती आयात करताना युटीएफ-८ ही अक्षरसंकेताची पद्धत निवडावी आणि क्रमांकाचा स्तंभ मजकूर म्हणून घोषित करावा. गुडरीड्सच्या फाइलमध्ये या क्रमांकाभोवती बरोबरीचे चिन्ह आणि अवतरणचिन्हे दिसतात ती याचसाठी. ती पाहून फाइल बिघडली असे समजू नये. एका लहान ॲपचा अनुभव मात्र वाईट आला. त्याच्या फाइलमध्ये छायाचित्रे येतच नव्हती आणि नोंद केव्हा केली ती तारीखही गळून गेली होती. विचारणा केल्यावर उत्तर आले नाही, आणि पुढे त्याच्या सुधारणाही थांबल्या. वस्तूंची नावे टिकली, प्रसंग गेले.

राहता राहिला किमतीचा आकडा. आपल्या संग्रहाची किमान, मध्यम आणि कमाल किंमत डिस्कॉग्ज दाखवते, आणि तो आकडा पाहण्याचा मोह पहिले काही आठवडे आवरत नाही. तो त्याच बाजारातील पूर्वीच्या विक्रीवरून काढलेला असतो. आपल्या तबकडीवरचा ओरखडा त्याला ठाऊक नसतो, आणि जिची तेथे कधी विक्रीच झालेली नाही तिच्याबद्दल त्याला काही सांगता येत नाही. विम्यासाठी यादी लागलीच तर या आकड्यापेक्षा तबकडीच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे आणि स्थितीची तारखेसह नोंद अधिक कामाची आहे, म्हणून मी सध्या त्याच कामाला लागलो आहे. संग्रह इतरांना दिसावा की नाही हे ठरवण्याची सोय सेटिंगमध्ये आहे. छायाचित्रे कोठेही चढवण्यापूर्वी तिच्याकडे आणि कॅमेऱ्यातील स्थाननोंदीकडे एकदा पाहून घ्यावे.