विनातारण, १०० टक्के कर्ज : सौर प्रकल्पाच्या नावाखाली आमचे २३ लाख ६० हजार कसे गेले

रबाळे एमआयडीसीत आमचे फॅब्रिकेशनचे छोटे युनिट आहे. शेजारच्या आणखी तीन युनिटधारकांसोबत स्वतःच्या वापरासाठी सौर प्रकल्प उभारायचे आम्ही २०२३ साली ठरवले आणि त्या धडपडीत आमची फसवणूक झाली. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील अनेक लघुउद्योजक आज याच विचारात असतील, म्हणून घडले ते सविस्तर लिहीत आहे.

कल्पना मुळात चुकीची नव्हती. हरित ऊर्जा ओपन ॲक्सेसच्या (म्हणजे दुसरीकडे तयार झालेली वीज ग्रिडमधून आपल्यापर्यंत आणण्याच्या मुभेच्या) २०२२ च्या नियमांनी वीजभाराची किमान मर्यादा १ मेगावॉटवरून १०० किलोवॉटवर आणल्यामुळे लहान कारखान्यांनाही दुसऱ्या जिल्ह्यात तयार झालेली सौर वीज आपल्या मीटरपर्यंत आणण्याचा मार्ग खुला झाला होता. चौघांनी मिळून कंपनी काढायची, तिच्या भांडवलात वीज वापरणाऱ्यांचा वाटा किमान २६ टक्के ठेवायचा आणि वर्षभरातील किमान ५१ टक्के वीज आपणच वापरायची, म्हणजे प्रकल्प कॅप्टिव्ह, म्हणजे स्वतःच्या वापराचा, ठरतो आणि बाहेरून वीज आणणाऱ्यांवर बसणारा क्रॉस सबसिडी अधिभार लागत नाही. आमच्यातील ज्येष्ठ भागीदार, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, त्यांची मंगळवेढ्याजवळ दहा एकर जिरायती जमीन होती, ती २ मेगावॉटला पुरली असती. खर्चाचा अंदाज ८ कोटींचा आला. बँक ७० टक्के कर्ज द्यायला तयार होती, पण उरलेले २ कोटी ४० लाख आम्ही घालायचे होते आणि शिवाय तारणही द्यायचे होते. घोडे तिथेच अडले.

अशा वेळी एका ओळखीच्या माणसाने वाशीतील एका 'प्रोजेक्ट फायनान्स सल्लागारा'शी गाठ घालून दिली. परदेशी फंडाचे १०० टक्के कर्ज, ६ टक्के व्याज, १५ वर्षांची मुदत, पहिली दोन वर्षे हप्ता नाही, तारण नाही आणि हमी म्हणून युरोपातील एका बँकेचे स्टँडबाय लेटर ऑफ क्रेडिट (कर्जदाराने पैसे न दिल्यास बँक देईल असे हमीपत्र), अशा त्यांच्या अटी होत्या. बँकेने आम्हाला तीन महिने प्रश्नांनी भंडावून सोडले होते. सातबारा आणि फेरफार, ग्रिड जोडणीची परवानगी, हप्ते फेडण्याइतके उत्पन्न दरवर्षी येईल का, चौघांपैकी एकाने मध्येच वीज घेणे थांबवले तर काय, असे त्यांना सगळे हवे होते. या गृहस्थांनी यातले काहीही विचारले नाही. त्या वेळी मला हायसे वाटले. आज मागे वळून पाहताना, मी नेमका त्या क्षणी फसलो असे मला वाटते.

फाइल उघडण्यासाठी त्यांनी २ लाख घेतले, मग 'ड्यू डिलिजन्स'साठी, म्हणजे प्रकल्पाच्या तपासणीसाठी, ६ लाख. त्यासाठी त्यांचा 'इंजिनिअर' मंगळवेढ्याला आला. मी आणि काका सोबत होतो. त्याने मोबाइलवर जागेचे लोकेशन घेतले, चारी बांधांवरून फोटो काढले, काकांच्या घरी जेवला आणि निघून गेला. सबस्टेशन कुठे आहे, किती लांब आहे, तिथे किती क्षमता शिल्लक आहे, हे त्याने एकदाही विचारले नाही. तयार झालेली वीज बाहेर नेण्याची सोय नसेल तर शेतात बसवलेल्या पॅनेलना काही किंमत नसते. मी स्वतः सौर प्रकल्पांचे स्ट्रक्चर बनवतो, मला हे कळत होते, तरी मी गप्प राहिलो.

त्यानंतर हमीच्या विम्याचा हप्ता म्हणून १२ लाख मागितले गेले. विश्वास बसावा म्हणून त्यांनी एमटी ७९९ या स्विफ्ट (बँकांमधील आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणा) संदेशाची प्रत दाखवली. एमटी ७९९ हा बँकांमधला निव्वळ मजकुराचा संदेश असतो, त्याने कोणतीही बँक पैशाला बांधली जात नाही आणि हमीसाठी एमटी ७६० हा वेगळा संदेश असतो, हे मला नंतर समजले. आम्ही आरटीजीएसने पैसे भरले. तिन्ही वेळचे मिळून २० लाख आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण २३ लाख ६० हजार.

याआधी एक इशारा मिळाला होता, तो मी झटकून टाकला. आमच्या सीएंकडे आर्टिकलशिप करणारी एक मुलगी आहे. पहिल्याच बिलाच्या वेळी तिने कळवले होते की हे बिल जीएसटीच्या टू-बी विवरणात (विक्रेत्यांनी आपल्या नावे भरलेल्या बिलांच्या यादीत) दिसत नाही, आणि बिलावरच्या जीएसटी क्रमांकातले सहावे अक्षर 'पी' आहे. त्या क्रमांकात राज्याच्या दोन अंकांनंतर पॅन असतो आणि पॅनचे चौथे अक्षर धारक कोण ते सांगते : कंपनी असेल तर 'सी', व्यक्ती असेल तर 'पी'. बिलावर मात्र प्रायव्हेट लिमिटेड छापले होते. "उशिरा अपलोड करत असतील," एवढे बोलून मी विषय संपवला.

परकीय चलनाच्या मंजुरीसाठी आणखी १४ लाख मागितले, तेव्हा मी अखेर आमच्या बँकेच्या व्यवस्थापकांकडे गेलो. त्यांनी एकच विचारले, "रिझर्व्ह बँकेचा कर्ज नोंदणी क्रमांक कुठे आहे?" परदेशातून कर्ज घेताना अधिकृत बँकेमार्फत हा क्रमांक आधी घ्यावा लागतो, त्याशिवाय एक रुपयाही उचलता येत नाही. आमच्याकडे असा क्रमांक नव्हता. फोन केला तेव्हा सल्लागार म्हणाले, क्रमांक पैसे आल्यावर मिळतो. त्यानंतर त्यांनी फोन उचलला नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. खरी बँकही प्रक्रिया शुल्क घेते आणि तिने नेमलेल्या तांत्रिक सल्लागाराची फी कर्जदारालाच भरावी लागते. पण आमच्या बँकेने तत्त्वतः मंजुरीचे पत्र आधी दिले होते आणि शुल्क स्वतःच्या खात्यात मागितले होते. आम्ही आरटीजीएस केलेले खाते एका ट्रेडिंग फर्मचे होते, आणि ते नाव आमच्या प्रत्येक पावतीवर छापलेले आहे.

आम्ही आर्थिक गुन्हे शाखेकडे तक्रार दिली आहे. सायबर फसवणुकीसाठी असलेल्या १९३० क्रमांकाचा उपयोग पैसे गेल्यावर लगेच फोन केला तर होतो, आमचा शेवटचा भरणा होऊन दोन महिने उलटले होते. पैसे परत आलेले नाहीत. नंतर आम्ही प्रकल्प १ मेगावॉटवर आणला आणि पुन्हा त्याच बँकेकडे गेलो. तिचे इंजिनिअर शेतावर आले तेव्हा गाडीतून उतरताच त्यांनी काकांना सबस्टेशन कोणत्या बाजूला आहे ते विचारले.

चौघांचा तोटा प्रत्येकी ५ लाख ९० हजारांचा आहे. त्या सल्लागाराकडे काकांना मी नेले होते. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावलेला नाही, पण त्यांच्या वाट्याची रक्कम मी दर महिन्याच्या ७ तारखेला थोडी थोडी त्यांच्या खात्यात भरत आहे.